जोडलेलं ते जांभळं

"फौजदारबाई, विषप्रयोगाची तक्रार तुमच्याकडे कशी नोंदवतात?"

फोनवर मोठ्या इस्पितळातले प्रयोगशाळेचे डॉक्टर होते. एरवी थट्टेखोर माणूस. मागच्या एका प्रकरणात त्यांनी फौजदारबाईंना हसवून हसवून बेजार केलं होतं. आज मात्र आवाज कोरडा होता.

"कोणावर झालाय प्रयोग?"

"सात वर्षांची मुलगी आहे. शाळेच्या जिन्यावरून गडगडली म्हणून आणली."

"आणि विष कुठलं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"दूध असेल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर अंडं. चीज. डाळ. यातलं काहीही असू शकतं. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

फौजदारबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि हवालदाराला गाडी काढायला सांगितली.

मुलगी पलंगावर बसली होती. घरीदारी तिला सगळे बिट्टी म्हणत. कपाळावर पट्टी, केस फिकट, कोपरांच्या आत खाजवून लाल झालेली कातडी. मांडीवर पाटी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "बिट्टी, नाव लिही बघू."

बिट्टीने खडू धरला. हात थरथरत होता. तिने एक उभी रेघ काढली, पुढे काय ते आठवेना, म्हणून ती रेघ पुन्हा गिरवली. मग एकदम चिडून पाटी भिरकावली.

"दोन महिन्यांपूर्वी ही धडे वाचून दाखवायची," बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले.

"झालंय काय तिला?"

"जन्मापासूनचा दोष आहे. बसा, सांगतो." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "दुधातली, अंड्यातली, डाळीतली प्रथिनं म्हणजे लांबलचक शब्द आहेत असं समजा. सगळे मिळून वीसच अक्षरांतून बनलेले. त्या अक्षरांना आम्ही अमिनो आम्लं म्हणतो. आपलं शरीर खाल्लेले शब्द फोडतं, अक्षरं सुटी करतं आणि त्यातूनच स्वतःचे शब्द जुळवतं. स्नायू, कातडी, केस, सगळं त्याच वीस अक्षरांचं. मुंगी घ्या नाहीतर हत्ती, अक्षरं तीच."

"आणि हिचं?"

"हिच्या शरीराला त्यातल्या एका अक्षराचं काय करावं तेच कळत नाही. चिमूटभर लागतं, पण वरचं मोडता येत नाही. ते रक्तात साठतं, मेंदूवर चढतं आणि मेंदूच पोखरतं. म्हणून दूध नाही, अंडं नाही, मांस नाही, डाळ नाही. फळं, भाज्या, वेगळ्या पिठाची भाकरी. तीही तोलून."

"एवढ्यावर पोर वाढेल कशी?"

"पावडरीवर." त्यांनी कपाटातून एक पांढरा डबा काढला. "यात एकोणीस अक्षरं आहेत, सुटी सुटी. नको असलेलं विसावं तेवढं वगळलंय. पाण्यात कालवून दिवसातून तीनदा प्यायची. हे नीट चाललं तर पोर तुमच्या-माझ्यासारखी वाढते."

"आणि नीट चाललं नाही तर?"

"तर नाव विसरते," डॉक्टर म्हणाले. "आम्ही दर आठवड्याला हिचं बोट टोचून रक्तातला आकडा पाहतो. दोन महिने तो चढतोच आहे. एखाद-दुसऱ्या बिस्किटाने असा चढत नाही. कोणीतरी रोज, नेमाने, हिला दूध किंवा तसलंच काहीतरी पाजतंय."

"आकडा मध्ये कधी उतरला?"

"एकदा. गेल्या महिन्यात एक आठवडा सरळ खाली आला. नंतर पुन्हा वर."

"शाळेत कोणी काही देत असेल?"

"शाळा त्या आठवड्यातही चालू होती की. बाईंचं लक्ष असतं, डबा घरचाच असतो."

म्हणजे कोणीतरी घरातलंच. फौजदारबाईंना आत कुठेतरी खुपलं. चोर-दरोडेखोर परवडले, त्यांचं काम समोरासमोरचं. घरच्या माणसाने ताटात कालवलेलं शोधायचं म्हणजे जिवावर यायचं.

बिट्टीचा बाप बस चालवायचा. खाकी कपड्यांतच तो बाकावर बसला होता.

"घरात कोण कोण असतं?"

"मी, बिट्टी आणि ही. म्हणजे माझी दुसरी बायको. पहिली गेली तेव्हा बिट्टी जेमतेम वर्षाची होती. मग तिच्या मावशीनेच सांभाळलं. मागच्या वर्षी मी लग्न केलं, तेव्हा पोरीला घरी आणलं."

"मावशी कुठे राहते?"

"दोन गल्ल्या सोडून. शाळा सुटली की बिट्टी तिच्याकडेच जाते. हिची कामाची पाळी संपेपर्यंत."

"आकडा एकदा उतरला होता. आठवतंय?"

"त्या आठवड्यात मी रजेवर होतो, मॅडम. घरीच."

"रजा कशाला काढलीत?"

"पोरीला शाळेतून आणायला कोणी नव्हतं. मावशी परगावी गेली होती." तो थांबला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मी घरात होतो तर आकडा उतरला. मी कामावर गेलो की चढतो. आता मी काय समजायचं, तुम्हीच सांगा."

बोलता बोलता त्याची नजर बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे गेली. तिथे त्याची बायको बसली होती. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून.

ती एका मोठ्या धुलाई कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर काम करायची. मनगटांवर जुन्या चटक्यांच्या काळ्या रेघा होत्या. उजव्या दंडावर मात्र ताजी अर्धगोल खूण होती. चावल्याची.

"हे कोणी केलं?"

"बिट्टीने. काल रात्री. पावडर पाजताना."

"पीत नाही?"

"कोण पिईल? वास बघा त्याचा. नाक दाबते, हात धरते, पाजते. लाथा मारते ती. शेजारचे भिंतीवर थापा मारतात."

"शेजाऱ्यांना वाटत असेल, तुम्ही पोरीला मारता."

"ओरडणं ऐकू येतं ना त्यांना. पावडर कुठे ऐकू येते?"

"तुम्ही तिला कधी दूध दिलंत?"

"एकदा चुकले होते." ती सरळ बघून बोलत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजात विनवणी नव्हती. "लग्नानंतर सुरुवातीला. बाजारचं सूप आणलं. त्यात दुधाची भुकटी असते, मला ठाऊक नव्हतं. आकडा चढला. आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी इथेच बसवून दम दिला. पुन्हा असं झालं तर मुलीची सोय दुसरीकडे करावी लागेल म्हणाल्या. नवरा होता, मावशी होती. सगळ्यांसमोर. तेव्हापासून भाजीचा तुकडासुद्धा काट्यावर ठेवते."

"मग आकडा का चढतो?"

"ते मला माहीत असतं तर मी इथे अशी बसले असते?"

हवालदार बाजूला येऊन पुटपुटला, "डोळ्यांत टिपूस नाही, मॅडम. सावत्र ती सावत्रच."

फौजदारबाईंनाही तसंच वाटलं होतं.

निघण्याआधी त्या पुन्हा बिट्टीपाशी गेल्या. तिच्या पलंगाच्या कडेला टेकून त्यांनी विचारलं, "औषधाची पावडर आवडते का गं तुला?"

"नवी आई देते ती घाण. मोज्यांसारखी लागते."

"आणि मावशीकडची?"

बिट्टीच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. "मावशीच्या हातचं गोड असतं."

बिचारीला मायेची चव कळत होती, एवढंच फौजदारबाईंच्या मनात आलं.

बस-ड्रायव्हरचं घर दोन खोल्यांचं होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर छोटा तराजू, भिंतीला चिकटवलेला भाज्यांचा तक्ता, वरच्या फळीवर वेगळ्या पिठाच्या पिशव्या. झडती घेतली. दूध होतं, पण कुलुपाच्या कपाटात, चहापुरतं. अंडी नव्हती. चीज नव्हतं. पावडरीचा डबा उघडताच हवालदाराने तोंड फिरवलं. त्यातला मापाचा प्लास्टिकचा चमचा वरच पडलेला होता. पावडरीत रोज उकरून उकरून खळगा झाला होता. बिट्टीचा पेला धुऊन पालथा घातला होता, तरी त्यालाही तोच वास. औषधाचा, शिळ्या कोबीचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा मिळून असा काहीतरी.

फौजदारबाईंनी नमुना बाटलीत घेतला आणि दोन गल्ल्या ओलांडल्या.

मावशी शिवणकाम करायची. दार उघडताच तिने फौजदारबाईंचे हात धरले.

"ताई, पोर कशी आहे? मला आत सोडत नाहीत हो! म्हणतात, आईबापांनाच सोडतो. आईबाप!"

घर लख्ख होतं. शिवणयंत्राच्या बाजूला बिट्टीच्या मापाचे फ्रॉक टांगलेले. कोपऱ्यात चिंध्यांच्या बाहुल्या, प्रत्येकीला बटणांचे डोळे. भिंतीवर बिट्टीच्या उंचीच्या रेघा मारल्या होत्या. वर्षभरापूर्वीच्या एका रेघेपाशी त्या थांबल्या होत्या.

फौजदारबाईंना खुर्चीवर बसवेना. त्यांची स्वतःची आई त्यांना आठवत नव्हती. आठवत होती ती मावशी. तिच्या पदराचा वास, तिने शिवलेली दप्तरं, ताप आला की रात्रभर कपाळावर असलेला तिचा हात. माय मरो पण मावशी जगो, हे लोकांनी म्हणून ऐकलेलं. त्या ते जगल्या होत्या. या घरात प्रश्न विचारायचे म्हणजे त्यांना पाप केल्यासारखं वाटत होतं.

"दुपारची पावडर तुम्ही देता?"

"मीच देते. काडीचा त्रास नाही हो. गटागट पिते. माझा हात कळतो ना तिला. तिकडे मात्र म्हणे हात बांधून पाजतात." तिने डोळ्याला पदर लावला. "मी बोलू नये, पण ती बाई हिच्या आईची जागा घ्यायला आली आणि पोरच नकोशी झाली. उद्या तिला स्वतःचं झालं की मग?"

"डबा बघू."

डबा स्वच्छ कपाटात होता. निम्मा भरलेला. पावडरीचा वरचा थर एका बाजूला उतरता होता, जशी वाळू कलंडते.

"मापाचा चमचा कुठंय?"

"या डब्यात आलाच नाही बघा. मी माझ्या चमच्याने मोजते. सवयीने अंदाज आहे. पाच वर्षं मीच दिलीय ना."

ओट्यावर बिट्टीची बाटली होती, बदकाच्या आकाराची, पिवळी. फौजदारबाईंनी ती सहज उचलून पाहिली. घासूनपुसून चकचकीत. कसलाही वास नाही. त्यांनी नमुना घेतला आणि त्या बाहेर पडल्या. जिना उतरताना हवालदार म्हणाला, "याला म्हणतात घर."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दोन परीक्षानळ्या उभ्या केल्या.

"पोरखेळ आहे, पण नेमका," ते म्हणाले. "नळीत पावडर, त्यात क्षार आणि मोरचुदाचे दोन थेंब. अक्षरं सुटी असतील तर पाणी निळंच राहतं. अक्षरं एकमेकांना जोडलेली असतील, म्हणजे दूध, अंडं असलं काही प्रथिन असेल, तर पाणी जांभळं होतं. आमच्या विद्यार्थ्यांना एवढंच पाठ असतं, जोडलेलं ते जांभळं."

थेंब पडले. पहिली नळी निळी. दुसरीही निळी.

"पावडर दोन्ही घरची खरी आहे," डॉक्टर म्हणाले. "भेसळ नाही."

"मग झालं की," हवालदार म्हणाला. "पावडर खरी, म्हणजे ताटातून जातंय. ताट कोण वाढतं? आणा तिला चौकीवर."

फौजदारबाईंनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. "डॉक्टर, हे पिऊन बघितलंय कधी?"

"मी? मला काय वेड लागलंय?"

त्यांनी माप भरून पेल्यात कालवलं आणि एक घोट घेतला. घोट घशाखाली उतरेना. कडू, आंबट, खारट, आणि वर तो वास थेट नाकात चढणारा. त्यांनी बेसिन गाठलं, चूळ भरली, पुन्हा भरली. मग नळ चालूच ठेवून त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"बाई? बरं वाटतंय ना?"

"नाही," फौजदारबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "डॉक्टर, दुपारी सगळ्यांना तुमच्या खोलीत बोलवा. हवालदार, तुम्ही मावशीकडे जा. तिला म्हणावं, बिट्टी कोणाच्याच हातचं घेत नाहीये, तुम्हीच कालवून आणा, बदकाच्या बाटलीतून. ती कालवत असताना तिथेच उभे राहा. आणि डबाही बरोबर आणा."

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत दाटी झाली. बाप भिंतीला टेकून उभा होता. सावत्र आई खिडकीपाशी. बिट्टीला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. मावशी आत आली आणि बिट्टीने दोन्ही हात पसरले. मावशीने तिला छातीशी घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. बघणाऱ्याला वाटावं, या दोघींची ताटातूट करणारा माणूस दगडाचाच असला पाहिजे.

"पाजा तिला," फौजदारबाई म्हणाल्या.

मावशीने बाटली पुढे केली. बिट्टीने चोच तोंडात धरून जोरात ओढलं.

दुसऱ्याच क्षणी सगळं तिच्या अंगावर, मावशीच्या साडीवर, जमिनीवर थुंकलेलं होतं.

"हे तुझं नाही!" बिट्टी किंचाळली. "हे नव्या आईचं आहे! तुझं दे ना, मावशी! तुझं गोडवालं दे!"

बाटली मावशीच्या हातातून घरंगळली आणि टेबलाखाली गेली.

"सिस्टर, बिट्टीला तिच्या पलंगावर न्या," फौजदारबाई हळूच म्हणाल्या. दार लागेपर्यंत त्या थांबल्या. मग बापाकडे वळल्या.

"मी काल सगळं पाहिलं होतं. कळलं मात्र काहीच नाही. मला वाटलं, पोर मावशीकडे गटागट पिते ती मायेने. तुमच्याकडे लाथा झाडते ती जाचामुळे. आज सकाळी स्वतः घोट घेतला तेव्हा उमगलं. ही पावडर कोणाच्याच हातची गोड होत नाही. सख्ख्या आईने पाजली तरी पोर तोंड वाकडंच करणार. जिथे पोर हसत पिते, तिथे पेल्यात पावडर नसते."

"पण मावशीकडची पावडर तर खरी निघाली," बाप म्हणाला. "डॉक्टरच म्हणाले."

"डब्यातली खरी होती. आज हवालदार समोर उभे होते म्हणून यांनी ती कालवली; एरवी ती डब्यातून पोरीच्या पोटात गेलीच नाही." त्यांनी मावशीकडचा डबा उचलला आणि टेबलावर पसरलेल्या कागदावर रिकामा केला. पांढरा ढीग झाला. त्यांनी पेनाने तो पसरला. ढिगाच्या तळातून मापाचा प्लास्टिकचा चमचा वर आला. "काल या म्हणाल्या, या डब्यात चमचा आलाच नाही. तो पावडरीखाली पुरलेला होता. रोज मोजून काढणाऱ्याला तो पहिल्या दिवशीच सापडतो. यांना कधी लागलाच नाही. डबा कमी झालेला दिसावा म्हणून या नुसता कलंडवून थोडी थोडी पावडर मोरीत ओतायच्या. म्हणून आतला थर उतरता होता. तुमच्या घरच्या डब्यात उकरून खळगा पडलाय."

मावशी खाली बघत होती.

"आणि तुमच्या रजेचा आठवडा. तुम्हाला वाटलं, तुम्ही घरी होतात म्हणून आकडा उतरला. पण तुम्ही घरी का होतात? मावशी परगावी होती म्हणून. त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या. तुम्ही त्यातली एकच धरलीत. कारण दुसरीवर संशय घ्यायचं तुमच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही."

"हे सगळं तर्काचं झालं," मावशी म्हणाली. आवाज घोगरा होता. "तिला आजारपणात तोंडाला चव नाही. म्हणून थुंकली."

फौजदारबाईंनी डॉक्टरांना खूण केली. त्यांनी टेबलाखालची पिवळी बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि झाकणाच्या आतली रबरी चकती चिमट्याने ओढून काढली. चकतीखालच्या खाचेत पिवळट, सुकलेला थर होता. बाटली कितीही घासली तरी तिथे ब्रश पोचत नाही. डॉक्टरांनी तो थर खरवडून नळीत टाकला, पाण्यात विरघळू दिला, थेंब सोडले.

सगळे बघत राहिले. आधी निळं. मग कडेने सावकाश रंग पालटला, आणि नळी तळापर्यंत जांभळी झाली.

"दुधाची भुकटी?" फौजदारबाईंनी विचारलं.

मावशीने मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते आधी कळलं नाही.

"साखर घालून," ती म्हणाली.

बाप भिंतीपासून पुढे झेपावला. हवालदाराने त्याला धरलं.

"तुम्हाला तर ठाऊक होतं," फौजदारबाई म्हणाल्या. आता प्रश्न विचारताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटत होता. "पाच वर्षं तुम्हीच सांभाळलंत. दुधाने काय होतं ते या खोलीत डॉक्टरांखालोखाल तुम्हालाच ठाऊक. मग?"

"त्या आहाराच्या बाई म्हणाल्या होत्या ना," मावशी म्हणाली. "आकडा पुन्हा चढला तर पोरीची सोय दुसरीकडे करू. दुसरीकडे म्हणजे कुठे? माझ्याकडेच ना! हिच्या एका चुकीने आकडा चढला होता, उतरलाही होता. पोरीला काहीसुद्धा झालं नव्हतं. मला वाटलं, थोडेच दिवस. ती माझ्याकडे आली की मी आठवड्यात ताळ्यावर आणीन. मी आणते, मला येतं." ती बापाकडे वळली. "पाच वर्षं! रात्री-अपरात्री बोट टोचून मीच पळायचे इथे. आणि एक दिवस तू आलास, कपड्यांची पिशवी उचललीस आणि पोर घेऊन गेलास. ठेवायला दिलेली वस्तू परत न्यावी तशी."

"तिच्या अक्षरांकडे बघितलं नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. "हात थरथरत होते तिचे."

"बघितलं." मावशीने डोळे मिटले. "रोज म्हणायचे, उद्यापासून बंद. पण ती आल्या आल्या 'मावशी, गोडवालं दे' म्हणायची. आणि मी 'नाही' म्हटलं की माझ्याकडेही तशीच बघेल, या बाईकडे बघते तशी…" तिने वाक्य सोडून दिलं. मग एकदम डॉक्टरांचा हात धरला. "येईल ना तिला लिहिता? आता आकडा उतरला की सगळं येईल ना?"

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही.

"बरंचसं येईल," ते म्हणाले. "सगळं येईल असं मी सांगू शकत नाही."

तेव्हा मात्र मावशी मटकन खाली बसली. हवालदाराने तिला उठवलं तेव्हा, काल 'याला म्हणतात घर' म्हणालेला तो माणूस, तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होता. दारातून जाताना ती फौजदारबाईंना म्हणाली, "ताई, तिचे फ्रॉक तेवढे पोचवा." फौजदारबाई "हो" म्हणाल्या.

सगळ्या वेळात सावत्र आई खिडकीपाशी उभी होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"पावडरीची वेळ टळलीय," ती म्हणाली आणि बिट्टीच्या पलंगाकडे निघाली.

फौजदारबाईंना बिट्टीच्या जबाबाचं काम होतं. त्या मागोमाग गेल्या. सावत्र आईने माप भरलं, पाण्यात कालवलं. वास पलंगभर पसरला. बिट्टीने उशीत तोंड खुपसलं.

"मावशीच्या हातचं हवं."

"मावशीला बरं नाहीये," सावत्र आई म्हणाली.

"कधी बरी होईल?"

सावत्र आईने फौजदारबाईंकडे पाहिलं. दोघींनाही आणखी खोटं बोलवेना.

"लवकर नाही," सावत्र आई म्हणाली. "तोवर हेच आहे, बिट्टी. घाण आहे, मला ठाऊक आहे. मी रोज एक घोट पिऊन बघते, फार थंड की फार गरम. पण हेच आहे."

बिट्टी उशीतून एका डोळ्याने बघत राहिली. तिची नजर पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बापावर गेली.

"आधी बाबांनी प्यायचं," ती म्हणाली.

बापाने पेला घेतला. वर्षभर तो हा पेला ओट्यावर बघत होता. पण ओठाला कधी लावला नव्हता. त्याने मोठा घोट घेतला. चेहरा आवळत गेला, डोळ्यांत पाणी आलं. गिळवेना आणि पोरीसमोर थुंकवेना. घोट तसाच तोंडात धरून तो आपल्या बायकोकडे बघत उभा राहिला.